गप्प बसलेला चोरच असतो का?

मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा नांदणाऱ्या घरांत टीव्हीच्या रिमोटवरून होणारे वाद काही नवे नाहीत. पण २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस आमच्या उणकलमधल्या कितीतरी घरांत वेगळाच पेच पडला होता. मराठी 'बिग बॉस'चे पाचवे पर्व संपत आले होते आणि नेमके त्याच आठवड्यात, २९ सप्टेंबरला, कन्नड 'बिग बॉस'चे अकरावे पर्व सुरू झाले. आजीला रितेश देशमुख हवा, नातवंडांना किच्चा सुदीप हवा, आणि स्वयंपाकघरात भाकरी थंड होत चाललेली!

त्या दोन्ही पर्वांचे निकाल आठवून पाहा. ६ ऑक्टोबर २०२४ ला मराठीत जिंकला बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेला, शाळा अर्धवट सुटलेली, मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमुळे लोकांच्या ओळखीचा झालेला. त्याच्यासमोर अखेरपर्यंत टिकून होता २००५ मध्ये 'इंडियन आयडॉल' जिंकलेला अभिजीत सावंत. पुढे चार महिन्यांच्या आत, जानेवारी २०२५ मध्ये, कन्नडमध्ये जिंकला हनुमंत लमाणी. हावेरी जिल्ह्यातल्या सवणूर तालुक्याचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. मेंढ्या राखता राखता लोकगीते गाणारा, अंगात साधा शर्ट आणि खाली लुंगी. तोही खेळ सुरू झाल्यानंतर मागाहून घरात आलेला.

दोन भाषा, दोन घरे, आणि निकाल मात्र एकाच वळणाचा. घरात तावातावाने बोलणारे, डाव आखणारे पुष्कळ होते. जिंकले ते मात्र बोलण्यात हुशार म्हणून कोणी ज्यांचे नाव घेतले नसते असे दोघे. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळेही पुसले. मग एक प्रश्न मनात येतो. टीव्हीवर अशा माणसाला डोक्यावर घेणारे आपण, आपल्याच घरात मुलांच्या मोबाइलवरचा तसलाच खेळ रंगतो तेव्हा सर्वांत आधी कोणाला बाहेर काढतो? जो कमी बोलतो त्याला!

ज्यांच्या घरी अजून हे खेळ पोचलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. आपण लहानपणी राजा-मंत्री-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या टाकून खेळत होतो, त्याचेच हे मोठे भावंड. १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ नावाच्या विद्यार्थ्याने 'माफिया' नावाचा खेळ तयार केला. गोल करून बसायचे. त्यांतले दोघे-तिघे गुपचूप चोर, बाकी सगळे साधे गावकरी. चोर एकमेकांना ओळखतात, गावकरी कोणालाच ओळखत नाहीत. 'रात्र' झाली की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि चोरांनी एक गावकरी बाद करायचा. 'दिवस' उजाडला की सगळ्यांनी चर्चा करून, हात वर करून, संशयिताला बाहेर काढायचे. चोर संपले तर गाव जिंकले. चोर आणि गावकरी संख्येने बरोबरीत आले तर चोर जिंकले.

हाच खेळ पुढे मोबाइलवर आला. 'अमंग अस' नावाचा खेळ एका छोट्या अमेरिकन कंपनीने २०१८ मध्ये काढला. दोन वर्षे फारसे कोणी विचारले नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत जगभरची मुले घरात अडकली आणि हा खेळ घरोघरी पोचला. पुण्याची आत्येबहीण, मिरजेचा मामेभाऊ आणि हुबळीची भावंडे एकाच अवकाशयानात! आता तर व्हॉट्सअॅपच्या गटावरही एकजण सूत्रधार होतो आणि चार-चार दिवस 'माफिया' चालतो.

आता गंमत पाहा. खेळाचा निकाल जो लावतो, त्याच्यावर खेळण्याची रीत ठरते. 'बिग बॉस'मध्ये घरातले लोक नावे सुचवतात, पण वाचवणारे असतो आपण, बाहेरचे प्रेक्षक. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या 'सर्व्हायव्हर'मध्ये आणखी वेगळी पद्धत आहे. तिथे शेवटी उरलेल्यांपैकी कोण जिंकला हे आधी बाहेर काढले गेलेले खेळाडू ठरवतात. पहिल्याच पर्वात हा निकाल चार विरुद्ध तीन मतांनी लागला. म्हणजे ज्यांना तुम्ही घालवलेत त्यांच्याच हाती तुमचे बक्षीस! 'माफिया' आणि 'अमंग अस'मध्ये मात्र बाहेरचा न्यायाधीश कोणी नाही. आतलेच लोक, आतल्याच माहितीवर, आतल्याच माणसाला काढतात. आणि म्हणूनच इथे घरातल्या सवयी, घरातले गैरसमज, कोण कोणाचा लाडका, हे सगळे उघडे पडते.

आमच्या गल्लीतला एक प्रसंग सांगते. मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेहून एक सातवीतला मुलगा इथे मामाकडे आला होता. घरात भावंडांची फौज, प्रत्येकाच्या हातात कोणाचा ना कोणाचा मोबाइल. खेळातल्या चर्चेत मुले लिहीत होती कन्नड, तेही इंग्रजी अक्षरांत, तेही भराभर. या मुलाला कन्नड कळते, पण वाचायला वेळ लागतो. तो एक ओळ वाचेपर्यंत पुढच्या सहा आलेल्या. उत्तर टाइप करेपर्यंत मतदान संपलेले. "सुम्न याक कुंती?" म्हणजे गप्प का बसलास, असा एकाने सवाल केला आणि सगळ्यांनी त्यालाच मत दिले. पहिल्या डावात तो पहिला बाहेर. दुसऱ्या डावातही पहिला. तिसऱ्या डावात तर कोणी काही विचारलेही नाही, सवयीनेच त्याच्यावर बोट ठेवले. तिन्ही वेळा तो चोर नव्हता. चौथ्या डावाला तो म्हणाला, "मला नको, तुम्ही खेळा," आणि आजीजवळ जाऊन बसला.

मोठ्यांच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट. पण सुट्टी संपता संपता त्याने आईला फोनवर, पुढच्या वर्षी आपण मामाकडे नको जाऊया, असे सांगितले. सीमाभागातल्या आपल्या घरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मामाचे गाव तुटले की भाषा तुटते आणि भाषा तुटली की नातेही हळूहळू लग्नपत्रिकेपुरते उरते.

माझे म्हणणे असे आहे की गप्प बसलेल्याला काढणे हा अन्याय तर आहेच, पण तो मुळात वाईट डाव आहे. हे आकड्यांनीच पाहू. समजा सातजण खेळत आहेत, त्यांत दोन चोर, आणि खेळ दिवसाने सुरू झाला. डोळे मिटून कोणाचेही नाव घेतले तर चोर सापडण्याची शक्यता सातात दोन, म्हणजे एक-तृतीयांशाहूनही कमी. पहिले मत चुकले की उरले सहा. रात्री चोरांनी एक घालवला, उरले पाच: दोन चोर, तीन गावकरी. दुसरे मत चुकले की उरले चार: दोन चोर, दोन गावकरी. झाली बरोबरी, गाव हरले. म्हणजे गावाच्या हातात फक्त एक चूक आहे, दुसरी चूक शेवटची. ती एकुलती एक चूक आपण रोज एकाच माणसावर, केवळ तो बोलत नाही म्हणून, उधळून टाकतो.

आणि चोर काय करतो? त्याला हे पक्के ठाऊक असते. घरातल्या लोकांना कोणावर सहज संशय येतो हे त्याने एकदा हेरले की त्याचे काम फत्ते. तो स्वतः काही सिद्ध करत बसत नाही, नुसते त्या गरिबाकडे बोट दाखवतो. चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण उगीच पडलेली नाही. त्यामुळे पुढच्या वेळी गप्प बसणाऱ्यावर पहिला संशय कोणी घेतला आणि किती घाईने घेतला, हे लक्षात ठेवा. बहुतेकदा पाहण्यासारखे तिथेच काहीतरी असते.

कन्नडमध्ये एक झकास म्हण आहे: कुंबळकायी कळ्ळ अंदरे हेगलु मुट्टि नोडिकोंड. 'भोपळाचोर' अशी हाक दिली तर चोराने आपला खांदा चाचपून पाहिला! आपल्याकडे चोराच्या मनात चांदणे म्हणतात, त्याचीच ही बहीण. पण खेळात ही म्हण जरा जपून वापरावी. कारण खांदा चाचपणारा प्रत्येकजण चोर नसतो. ज्याच्यावर तीनदा आळ आला आहे, जो घरात नवा आहे, ज्याची भाषा अडखळते, तो निर्दोष असूनही खांदा चाचपतो. वर्गात शिकवताना मी हे नेहमी पाहते. गावाकडच्या कन्नड शाळेतून आलेली मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षी प्रश्न विचारला की खाली मान घालते. उत्तर तिला येत असते. ते चारचौघांत कोणत्या शब्दांत सांगावे याची तिला धास्ती असते. तिला एक मिनिट जास्त दिले, "कन्नडदल्ले हेळु," कन्नडमध्येच सांग, म्हटले, की ती बोलू लागते.

त्या मुलांच्या गटातही शेवटी असेच काहीसे झाले. त्यांच्यातल्या मोठ्या मामेबहिणीने दुसऱ्या दिवशी एक नियम केला. मतदानाआधी प्रत्येकाने एकेकदा बोलायचे, लिहायचे नाही, तोंडाने बोलायचे. ज्याला जी भाषा येते तिच्यात. मध्ये कोणी तोडायचे नाही. हा नियम झाल्यावर मिरजेचा मुलगा एकदम पटाईत झाला असे काही नाही. तो डाव तो हरलाच. पण पहिला बाहेर पडला नाही, चौथा पडला. आणि बाहेर पडल्यावर आजीकडे न जाता तिथेच बसून पुढचे पाहत राहिला. मला वाटते, चांगल्या खेळाची ही पुरेशी खूण आहे.

चांगले खेळायचे तर आणखी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, शब्दांपेक्षा मतांकडे लक्ष द्यावे. कोण काय बोलला हे विसरायला होते. कोणी कोणाला मत दिले हे कागदावर टिपून ठेवावे. दोन-तीन फेऱ्यांनंतर दोन माणसे एकमेकांना कधीच मत देत नाहीत असे दिसले, तर त्या कागदाला बोलणाऱ्यांपेक्षा जास्त कळलेले असते. दुसरी, खेळाबाहेरची माहिती आत आणू नये. शेजारच्याच्या पडद्यात डोकावणे, बाद झालेल्याने फोन करून नाव फोडणे, याला हुशारी म्हणत नाहीत. तिसरी, खेळात खोटे बोलावे, पण खेळातल्याच गोष्टींविषयी. "मी चोर नाही" हे चोराने म्हणायचेच असते, तोच त्याचा धर्म. पण "आईची शप्पथ" घालू नये, आणि "तू नेहमी असाच करतोस, गेल्या वर्षी लग्नातही तू..." असे घराचे जुने हिशेब बाहेर काढू नयेत. चौथी, बाद झालेल्याला काम द्यावे. 'अमंग अस'मध्ये बाद झालेला भूत होऊन आपली उरलेली कामे पुरी करू शकतो, ही सोय मला फार आवडते. घरी खेळताना त्याला पुढच्या फेरीचा सूत्रधार करावे.

आता पाहण्याविषयी. टीव्हीवरचे असे खेळ पाहणे हीसुद्धा एक कला आहे आणि ती आपण मुलांना शिकवत नाही. चोवीस तासांतून आपल्याला दिसतो तास-दीड तास. एरवी शितावरून भाताची परीक्षा करावी, पण इथे शिते निवडणारा दुसराच कोणी असतो! एखादी बाई दिवसभर सर्वांसाठी पोळ्या लाटते आणि संध्याकाळी दोन मिनिटे भांडते. आपल्याला भांडण दिसते. तेव्हा "ही किती भांडकुदळ!" म्हणण्याआधी, "आज हिचे काय दाखवले नसेल?" असे मुलांना विचारून पाहावे.

याचा एक अस्सल नमुना २०२१ साली पाहायला मिळाला. कन्नडचे आठवे पर्व मे महिन्यात कोरोनामुळे मध्येच थांबवावे लागले. स्पर्धक आपापल्या घरी गेले आणि जूनमध्ये पुन्हा त्याच घरात आले. मधल्या दिवसांत, आपल्या पाठीमागे कोण काय बोलले हे पडद्यावर पाहण्याची संधी त्यांना मिळाली होती. विचार करा, आपल्या भावजयीने, साडूने, शेजारणीने आपल्या माघारी काय म्हटले ते सगळे ऐकून पुन्हा त्यांच्याच पंगतीला बसायचे! ऑगस्टमध्ये ते पर्व मंजू पावगडने जिंकले. मला त्या पर्वापासून एक कसोटी सापडली. माघारी असे बोलावे की उद्या ते समोर लागले तरी एकत्र जेवता येईल. खेळालाही ती लागू आहे आणि घरालाही.

मर्यादा सुटली की काय होते हेही याच दोन पर्वांनी दाखवले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मराठीत एका स्पर्धक मुलीने दुसरीला थप्पड मारली आणि तिला घराबाहेर जावे लागले. ऑक्टोबरमध्ये कन्नडमध्ये झटापटीवरून दोघांना बाहेर काढले. या गोष्टी मुलांसमोर झाकू नयेत. डाव कितीही मोठा असला तरी हात उचलला की खेळ संपतो, हे सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण कुठे मिळणार?

मतांविषयीही थोडे. हनुमंतला पाच कोटींहून जास्त मते मिळाल्याचे जाहीर झाले. २०११ च्या जनगणनेत साऱ्या कर्नाटकाची लोकसंख्या सहा कोटी अकरा लाखांच्या आसपास होती, त्यांत तान्ही बाळेही आली. म्हणजे पाच कोटी मते म्हणजे पाच कोटी माणसे नव्हेत. एकाच माणसाला पुष्कळ मते देता येतात. यात हनुमंतचे यश कमी होत नाही. पण "सगळे लोक आमच्याच बाजूने आहेत" असे म्हणून दुसऱ्या स्पर्धकाला मोबाइलवर शिव्या घालणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. जिव्हाळ्याने मत द्यावे, जरूर द्यावे. फक्त का दिले ते एका वाक्यात सांगता यावे. "बिचारा गरीब आहे" हे एक कारण झाले. "तो हरलेल्याशीही नीट बोलतो" हे त्याहून चांगले कारण.

पालकांसाठी एक सूचना इथेच करते. नुसते मनोरंजनाचे खेळ वेगळे आणि पैसे लावायचे खेळ वेगळे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि पैसे न लावता खेळायचे सामाजिक खेळ त्यापासून वेगळे ठेवले. तेव्हा मुलांचा खेळ कुठे पैसे भरा, दुप्पट करा म्हणू लागला तर तिथेच थांबवावे. आणि अनोळखी माणसांबरोबर खेळण्यापेक्षा भावंडांनी आपली वेगळी खोली उघडून आपापसांत खेळणे केव्हाही बरे.

काहीजण म्हणतील, एवढा विचार कशाला? खेळ तो खेळ! अगदी खरे. पण आपण सीमाभागातली माणसे. आपल्या घरात येणारी सून कधी कोल्हापूरची असते, कधी गदगची. जावई कधी निपाणीचा, कधी बागलकोटचा. प्रत्येकजण या घरात पहिले सहा महिने दुसऱ्या भाषेत चाचपडतो. थोरल्या भावाच्या बायकोला धारवाडकडच्या कन्नडातही वैनीच म्हणतात आणि आपल्या मराठीतही वहिनीच. शब्द एकच असला तरी त्या वैनीला जेवणाच्या गप्पांत, घरातल्या निर्णयांत बोलण्याची पाळी मिळते का, हे मुले बघत असतात. जे बघतात तेच ती मोबाइलवर खेळतात. कन्नड 'बिग बॉस'च्या पहिल्या दोन पर्वांचे घर महाराष्ट्रात, लोणावळ्याला होते, हे किती जणांना आठवते? घर कोणत्या मुलखात आहे यावर काही अडत नाही. आत आलेल्याला बोलू देतात की नाही, यावर अडते.

तेव्हा या रविवारी मुले खेळायला बसली की मोबाइल काढून घेऊ नका, त्यांच्यात जाऊन बसा. सात माणसे जमवा, आजीलाही घ्या. मतदानाआधी सर्वांना एकेकदा बोलू द्या, मराठीत, कन्नडमध्ये, दोन्हींच्या खिचडीत. जो सर्वांत कमी बोलेल त्याला आधी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. डाव संपला, चोर सापडला किंवा निसटला, की सर्वांनी मोठ्याने म्हणायचे, "आट मुगीतु!" खेळ संपला. आणि मग चहाचे आधण ठेवायचे, ते मात्र जिंकलेल्याने.